जुन्या घराचा नवा रंग

बंगळूरच्या जुन्या वस्त्यांतून हिंडताना घरांवर दोन प्रकारच्या पाट्या दिसतात. एकीवर कन्नडमध्ये 'मने माराटक्किदे' असे लिहिलेले असते. 'माराट' हा शब्द ऐकून नवख्या मराठी माणसाचे कान उगीचच टवकारतात. पण मराठ्यांशी त्याचा काही संबंध नाही. माराट म्हणजे विक्री, आणि घर विकणे आहे, एवढाच त्या पाटीचा अर्थ. दुसरी पाटी याहून चमत्कारिक असते. एखाद्या बंद घराच्या किंवा रिकाम्या जागेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवलेले असते, की ही मालमत्ता विक्रीस नाही. जे विकायचे नाही, ते विकायचे नाही असे भिंतीवर लिहून ठेवण्याची पाळी मालकावर का यावी? कारण उघड आहे. आपल्या नकळत आपली जागा दुसराच कोणी विकून मोकळा होईल, अशी त्याला धास्ती वाटते. या दोन पाट्या एकापुढे एक ठेवून वाचल्या, म्हणजे जुन्या घरांचा बाजार कोणत्या जमिनीवर उभा आहे याची काहीशी कल्पना येते.

या बाजाराचा एक चांगला नमुना म्हणजे चामराजपेट. म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वोडेयर यांच्या नावाने 1892 साली ही वस्ती वसवण्यात आली. किल्ला आणि जुनी पेठ यांच्या दाटीतून बाहेर पडून सरळ रस्ते, त्यांना छेदणारे आडरस्ते आणि मधे आखीव भूखंड, अशी तिची रचना. प्लेगची साथ बंगळुरात आली ती 1898 मध्ये, आणि बसवनगुडी व मल्लेश्वरम या प्रसिद्ध वस्त्या त्यानंतरच्या; चामराजपेट त्यांच्याही आधीचे. येथेच कन्नड साहित्य परिषदेचे घर आहे. कृष्णराजेंद्र मार्केट हाकेच्या अंतरावर, आणि 2017 पासून मार्केटपाशी मेट्रोचे स्थानकही झाले आहे. असे ठिकाण गिऱ्हाइकाला हवेसे वाटले, तर नवल नाही.

मराठी माणसाला हा प्रदेश अगदीच परका नाही. 1638 मध्ये विजापूरकरांनी बंगळूर घेतल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे 1687 मध्ये व्यंकोजीराजे हे शहर म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना तीन लाख रुपयांना देण्याच्या बोलण्यात असतानाच मोगल फौजेने ते काबीज केले, आणि चिक्कदेवराजांना ते अखेर मोगलांकडूनच, त्याच तीन लाखांना घ्यावे लागले. सौदा एकाशी ठरावा आणि ताबा दुसऱ्याकडून मिळावा, हा अनुभव बंगळुराला तेव्हापासूनचा आहे, असे थट्टेने म्हणता येईल. आज मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त बंगळुरात स्थिरावल्यामुळे पुण्याकडचे अथवा बेळगावकडचे घर विकून तिकडे जाऊ पाहणारे वडीलधारे पुष्कळ आहेत. त्यांच्या दृष्टीने या बोलण्यात उभ्या आयुष्याची पुंजी गुंतलेली आहे.

आता जाहिरातीकडे वळू. पूर्वी ती वर्तमानपत्रात चार ओळींची असे. आता ती भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पंधरा-वीस छायाचित्रांसह येते. तिची शब्दसंपत्ती मात्र फारशी वाढलेली नाही. पूर्वाभिमुख, वास्तुशास्त्राप्रमाणे, 'अ' खाता, कावेरीचे पाणी व बोअरवेल, मोटार उभी करण्यास जागा, भाड्याचे उत्पन्न, आणि सर्वांच्या शिरोभागी 'संपूर्ण नूतनीकृत'. यांपैकी कावेरी आणि बोअरवेल हे शब्द पोकळ नव्हेत. 2024 च्या उन्हाळ्यात शहरातील असंख्य बोअर आटले, तेव्हा त्यांची किंमत सर्वांना कळली. 'नूतनीकृत' या शब्दाला मात्र कोणतेही माप नाही. भिंतींना एक हात रंग दिला तरी घर नूतनीकृत, आणि छप्पर उतरवून नवे घातले तरीही नूतनीकृतच.

छायाचित्रांचेही शास्त्र आहे. रुंद भिंगाने टिपलेली दहा फुटांची खोली पंधरा फुटांची भासते. सामान काढून घेतलेले असते, दिवे सगळे लावलेले असतात, आणि पहिले चित्र बहुधा स्वयंपाकघराचे असते; कारण नव्या कपाटांनी झळकणारे स्वयंपाकघर पाहून घरातील मंडळींचे मत अर्धे बनते. किमतीचा आकडाही विचारपूर्वक बेतलेला असतो. गिऱ्हाईक शोध घेताना 'दोन कोटींपर्यंत' अशी मर्यादा घालते, म्हणून किंमत 1 कोटी 99 लाख. दोन कोटी एक लाख म्हटले असते, तर ते घर त्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीसच पडले नसते. यात लबाडी आहे असे मी म्हणत नाही. विकणाऱ्याने आपला माल नीटनेटका मांडावा, हा बाजाराचा जुनाच रिवाज आहे. चित्रात काय नाही, हे पाहणे गिऱ्हाइकाचे काम. छताच्या आतल्या बाजूचे चित्र कधी पाहिले आहे काय?

आणि जुन्या घराचे आयुष्य तर छतावरच अवलंबून असते. या भागातील कित्येक जुन्या घरांवर मंगळुरी कौले आहेत, आणि कित्येकांवर ज्याला 'मद्रास टेरेस' म्हणतात तशी गच्ची. सागवानी तुळया जवळजवळ टाकून त्यांवर पातळ विटा चुन्यात उभ्या बसवायच्या, वर विटांच्या खडीचा चुनेगच्ची थर घालून तो दिवसेंदिवस चोपायचा, अशी ती पद्धत. काम पक्के असेल तर अशी गच्ची शंभर वर्षे टिकते. तिचे वर्मस्थान एकच: तुळईचे टोक जिथे भिंतीत शिरते ती जागा. गच्चीवरचे पाणी भिंतीत मुरले, की लाकूड तिथे आतल्या आत कुजते आणि बाहेरून काहीएक कळत नाही. नूतनीकरण करणारा पहिले काम कोणते करतो, तर प्लास्टर ऑफ पॅरिसचे खोटे छत टांगतो. खोली झकास दिसते, दिवे लपून राहतात, आणि तुळयाही लपतात. म्हणून असे घर पाहताना खोट्या छताचा एखादा चौकोन काढून दाखवण्याची विनंती निःसंकोचपणे करावी. प्रामाणिक मालक कुरकुरत का होईना, पण दाखवतो.

ओलीचेही तसेच. चुन्याची जुनी भिंत जमिनीतले पाणी शोषते आणि ते हळूहळू बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि चकचकीत रंग चढवला, की तिचा श्वास कोंडतो. पाणी आणखी वर चढते आणि पुढल्या पावसाळ्यात रंगाला फोड येतात. भिंतीच्या खालच्या तीन फुटांपर्यंतच लाकडी आवरण किंवा फरशी बसवलेली दिसली, तर ती शोभेसाठीच असेल असे गृहीत धरू नये. जुनी जमीन न उखडता तिच्यावरच नवी फरशी घातली असेल, तर दारांच्या फळ्या खालून कापलेल्या आढळतात आणि उंबरठा जवळजवळ नाहीसा झालेला असतो. बंगळुरात सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस जोरदार असतो. शक्य असेल तर घर त्या पावसात एकदा पाहावे. निदान रंग किती दिवसांपूर्वी दिला, ते विचारावे.

येथे कायदा काय म्हणतो, हे जाणून घेण्यासारखे आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे 55 वे कलम विकणाऱ्यावर असे बंधन घालते, की मालमत्तेतील अथवा आपल्या हक्कातील जो महत्त्वाचा दोष त्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साधारण सावधगिरीने त्याला कळणारही नाही, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. त्याचा व्यत्यास लक्षात घ्या. जो दोष साधारण सावधगिरीने कळला असता, तो न पाहिल्याची जबाबदारी घेणाऱ्याकडे येते. खोट्या छतामागची कुजकी तुळई पहिल्या वर्गात मोडते की दुसऱ्या, यावर वकील मंडळी दीर्घकाळ वाद घालू शकतील. काही जण म्हणतील, आता 2016 चा 'रेरा' कायदा आहे. आहे खरा, त्यात खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाईही आहे. पण त्याचा रोख बिल्डरांच्या नोंदणीकृत प्रकल्पांवर आहे. एका मालकाचे एक जुने घर डागडुजी करून पुन्हा विकले जाते, तेव्हा त्या कायद्याचे छत्र बहुधा डोक्यावर नसते.

छप्पर पाडून पुन्हा बांधता येते; हक्कातली फट मात्र गवंड्याला बुजवता येत नाही. चामराजपेटेतली जुनी घरे बहुतांशी वडिलोपार्जित. मूळ भूखंडाचे भावाभावांत उभे तुकडे पडलेले, भिंती सामायिक, मधल्या खोल्यांत दिवसाही अंधार. अशा घराच्या कागदांवर किती सह्या हव्यात? 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि त्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. विवाह होऊन दूर गेलेल्या बहिणीची सही 'नंतर घेऊ' म्हणून सोडलेली असेल, तर ते 'नंतर' नव्या मालकाच्या कपाळी येते. विकणाऱ्याकडे नुसते मुखत्यारपत्र असेल, तर अशा कागदाने मालकी जात नाही, हे न्यायालयाने 2011 मध्येच सांगितले आहे.

जाहिरातीतला 'अ' खाता हाही मालकीचा पुरावा नव्हे. खाता म्हणजे महापालिकेच्या करवहीतली नोंद. ती हवीच, 2024 च्या ऑक्टोबरपासून ई-खात्यावाचून शहरात खरेदीची नोंदणीच होत नाही. परंतु मालकी ठरते ती नोंदणीकृत खरेदीखतांच्या साखळीने. ती साखळी पाहण्यासाठी बोजा-दाखला काढावा, ज्याला तिकडे सगळे 'ईसी' म्हणतात. त्यातून आणखी एक गोष्ट उघडकीस येते: हे घर याआधी कधी आणि कागदोपत्री किती किमतीला विकले गेले. आठ महिन्यांपूर्वी घेतलेले घर नवा रंग लावून पुन्हा बाजारात आले असेल, तर तेही तिथे दिसते.

'भाड्याचे उत्पन्न' या शब्दांपाशी महाराष्ट्रातील माणसाने विशेष थांबावे. बंगळुरात भाड्याव्यतिरिक्त भोग्याची चाल आहे. इंग्रजीत तिला लीज म्हणतात. राहणारा दोन-तीन वर्षांसाठी एक मोठी रक्कम मालकाकडे ठेवतो, भाडे देत नाही, आणि जाताना ती रक्कम पूर्ण परत घेतो. वरच्या मजल्यावर असे बिऱ्हाड असेल, तर उत्पन्न दूरच राहिले. ठेवीची रक्कम मालकाने केव्हाच खर्च केलेली असते, आणि बिऱ्हाडकरू ती नव्या मालकापाशी मागतो.

मग दोन घरांची तुलना करावी कशी? समजा, शेजारी शेजारी दोन घरे आहेत, दोन्ही तीस फूट बाय चाळीस फूट, म्हणजे 1200 चौरस फुटांच्या भूखंडावर. जुने, आहे तसे, 2 कोटींना. दुसरे नूतनीकृत, 2 कोटी 40 लाखांना. अशा वस्तीत किमतीचा सर्वांत मोठा भाग जमिनीचा असतो, आणि ती दोघांची सारखीच. तेव्हा प्रश्न 40 लाखांचा उरतो. दुसऱ्या घरात जे केले आहे त्याची यादी करून एखाद्या त्रयस्थ कंत्राटदाराकडून अंदाज घ्यावा. रंग, फरशी, कपाटे, न्हाणीघरे यांचा हिशेब 18 लाख निघाला, आणि तुळया, नळ, विजेच्या तारा जुन्याच असल्या, तर वरचे 22 लाख कशाचे? उलट छप्पर, तारा आणि गटारजोडणी खरोखर बदलली असेल, तर 40 लाख महाग नाहीत. शिवाय 2025 च्या ऑगस्टअखेर कर्नाटकात नोंदणी शुल्क 1 टक्क्यावरून 2 टक्के झाले. ते आणि मुद्रांक शुल्क किमतीच्या प्रमाणात असल्यामुळे रंगावरही सरकारला पैसे मोजावे लागतात, हे हिशेबात धरावे.

अलीकडे मात्र एक उलटा प्रकार दिसू लागला आहे. ज्या तांबड्या कोब्याच्या जमिनी नूतनीकरणात बेधडक झाकल्या जात, त्याच आता जाहिरातीत 'मूळ जुनी जमीन' म्हणून मिरवतात, आणि दाराबाहेरचा बसायचा कट्टा, ज्याला कन्नडमध्ये जगली म्हणतात, त्याचेही छायाचित्र येते. गिऱ्हाईक मागते म्हटल्यावर नकलाही आल्या आहेत. ओळखणे अवघड नाही. अस्सल कोबा ओतलेला असतो, म्हणून त्याला सांधे नसतात. केसासारख्या बारीक भेगा असतात, आणि दारापाशी, जिथे पिढ्यान्‌पिढ्या पावले पडली तिथे, त्याची चकाकी कोपऱ्यांपेक्षा जास्त असते. सर्वत्र सारखाच चमकतो, तो कोबा नवा.