टाकीतला मैला आधी तपासा

शहरात सांडपाणी गटारातून वाहून जातं. पाबळसारख्या गावांत मैला बहुधा सेप्टिक टाकीत किंवा शोषखड्ड्यात साठतो. दोन्ही घाणच, मग तपासायचं काय, असं विचारलं जातं. पण फरक मोठा आहे. गटाराच्या पाण्यात घनपदार्थ साधारण 1 टक्क्याहून कमी असतात, तर सार्वजनिक शौचालयाच्या ताज्या मैल्यात 3 टक्क्यांच्या वर. जंतांची अंडीही मैल्यात कितीतरी जास्त. शिवाय वर्षानुवर्षं उपसा न झालेल्या टाकीतला गाळ बराचसा कुजून गेलेला असतो. म्हणजे शेजारच्या दोन टाक्यांचाही मैला सारखा नसतो, आणि एका नमुन्यावर प्रक्रिया केंद्राचा आराखडा बेतणं चूकच.

प्रयोगशाळा गावाला परवडत नाही, हा आक्षेप अर्धाच खरा. जैविक प्राणवायू मागणीच्या चाचणीला 27 अंशांवर तीन दिवस लागतात, ती जिल्ह्याच्या ठिकाणी करून घ्यावी. घनपदार्थ मोजायला मात्र काटा आणि भट्टी पुरते: नमुना 105 अंशांवर वाळवून तोलायचा, मग 550 अंशांवर जाळायचा. जळालं ते सेंद्रिय, उरली ती राख. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी 1983 साली पाबळलाच विज्ञान आश्रम उभारला, हातांनी काम करत शिकण्यासाठी. ही चाचणी तिथल्या परंपरेत चपखल बसते. ग्रामपंचायतींनी उपशाच्या प्रत्येक टँकरमधून एक बाटली नमुना बाजूला काढायला आजपासूनच सुरुवात करावी.