काइटबोर्डिंग

काइटबोर्डिंग : वाऱ्यावर चढविलेल्या मोठ्या पतंगाच्या ओढीने, पायांना अडकविलेल्या फळीवर उभे राहून पाण्याचा पृष्ठभाग कापीत जाण्याचा क्रीडाप्रकार. पतंगाच्या बळाचा असा उपयोग करण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील जॉर्ज पोकॉक यांनी १८२६ मध्ये पतंगाने ओढल्या जाणाऱ्या गाडीचे एकस्व घेतले होते. पाण्यावर मात्र पडलेला पतंग पुन्हा उडविता येत नसे. फ्रान्समधील ब्रूनो व दॉमिनिक लगेन्यू या बंधूंनी १९८४ मध्ये हवा भरलेल्या नळ्यांच्या, पाण्यावर तरंगणाऱ्या पतंगाचे एकस्व घेतले आणि ही अडचण दूर झाली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच समाविष्ट झाला. त्याच्या शर्यती मार्सेय येथे होऊन पुरुषांत ऑस्ट्रियाचा व्हालेंटिन बोंटुस व स्त्रियांत ब्रिटनची एली ऑल्ड्रिज विजयी झाले.

पतंगाचे क्षेत्रफळ साधारणतः ७ ते १४ चौ. मी. असते. सु. २० ते २५ मी. लांबीच्या चार किंवा पाच दोऱ्यांनी तो खेळाडूच्या हातातील दांडीशी जोडलेला असतो. मुख्य ओढ हातांवर न येता कंबरेच्या पट्ट्यावर येते. दांडी जवळ ओढली की पतंग वाऱ्याला अधिक आडवा होऊन ओढ वाढते. दांडी सैल सोडली की ओढ कमी होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाल्यास त्याचा जोर चौपट होतो, हे येथे नित्य ध्यानात ठेवावे लागते.

या खेळाचे शिक्षण फळीपासून नव्हे, तर जमिनीवरून सुरू होते. प्रशिक्षक प्रथम २ ते ३ चौ. मी.चा लहान पतंग हाती देतो. संक्रांतीच्या पतंगांवर ज्याचा हात बसला आहे त्याला वाऱ्याची जाण लवकर येते. परंतु तीच सवय त्याला नडतेही. मांजा ताणला की तो घट्ट धरावयाचा, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. येथे तोल जाताच नवशिका दांडी छातीशी घेतो, पतंग दुप्पट जोराने ओढतो आणि माणूस फरफटत जातो. म्हणून हात सोडणे हाच पहिला धडा होय. दांडी सोडूनही भागले नाही, तर पट्ट्याजवळचा खटका दाबून पतंग एकाच दोरीवर आडवा पाडावयाचा आणि तरीही ओढ थांबली नाही, तर शेवटची दोरी सोडून पतंगावर पाणी सोडावयाचे. ही कृती विचार न करता घडेपर्यंत चांगला प्रशिक्षक विद्यार्थ्याला फळी देत नाही. त्यानंतर फळीविना पाण्यातून ओढत जाणे, मिटलेल्या पतंगाच्या आधाराने काठ गाठणे व अखेरीस फळीवर उठणे असा क्रम असतो. जमिनीकडून पाण्याकडे वाहणाऱ्या वाऱ्यात उतरू नये, हा नियम प्रशिक्षक प्रारंभीच घालून देतो.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात पाणी व वारा दोन्ही आहेत. शिरूर तालुक्यात चिंचणी येथे घोड धरण आहे, तर भीमेवरील उजनी धरणाचा फुगवटा दौंड तालुक्यापर्यंत पोहोचतो. तरीही तेथे हा खेळ रुजलेला नाही आणि त्याची कारणे उघड आहेत. पश्चिमेचा जोरदार वारा जून-जुलैत वाहतो; तेव्हा उन्हाळ्यात आटलेल्या जलाशयांच्या कडेला गाळ उघडा पडलेला असतो. पाणी भरते तोवर वारा मंदावतो. काठच्या बाभळी, पाण्यातील मासेमारीची जाळी व आसपासच्या वीजवाहिन्या यांचीही अडचण असते. वळवाच्या वाऱ्याचा तर भरवसाच नाही. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी उजनीच्या पाण्यात अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्याने उलटली व सहा जण बुडाले. असा वारा दहा चौ. मी.च्या पतंगाला लागला, तर खटका दाबण्यास क्षणभराचाही अवधी मिळत नाही.

त्यामुळे इच्छुकांना समुद्रकिनाराच गाठावा लागतो. उत्तर गोव्यातील मोरजी-आश्वे परिसरात उन्हाळ्याच्या पूर्वार्धात दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो. तमिळनाडूतील रामेश्वर येथे दोन्ही मोसमी वाऱ्यांचा लाभ होतो. लहान पतंगाचा आरंभीचा सराव मात्र शिरूर-दौंडकडील मोकळ्या माळावरही करता येईल; अर्थात तारांपासून दूर, आणि शेजारी प्रशिक्षक उभा असताना.