वसंत : उद्दीपन की आलंबन?

वसंतागमन हा विषय आजच्या चित्रकाराने हाती घ्यावा, यात धोका मोठा आहे. दिनदर्शिका आणि शुभेच्छापत्रे यांनी तो इतका झिजवला आहे की, गंभीर कलावंत सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर निसर्गचित्रण हीच मागासलेपणाची खूण मानली गेली. असे असता डेव्हिड हॉकनी या इंग्रज चित्रकाराने सत्तरी ओलांडल्यावर ‘वसंताचे आगमन’ याच शीर्षकाखाली एक नव्हे, तीन चित्रमालिका निर्माण केल्या. या घटनेचा विचार समीक्षेने करावयास हवा.

भारतीय साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला या चित्रांपुढे एक भेद प्रथम जाणवेल. आपल्याकडे वसंत हा शृंगाराचा उद्दीपनविभाव. आम्रमंजिरी, कोकिळ, मलयानिल ही सारी सामग्री कोणा प्रेमिकांच्या भावासाठी मांडलेली असते. ‘ऋतुसंहारा’त वसंत अखेरीस अवतरतो, तोही कामिजनांवर चालून येणाऱ्या योद्ध्याच्या रूपाने. केशवदासाच्या ‘कविप्रिया’तील (१६०१) बारामासा राजस्थानी आणि पहाडी चित्रकारांनी वारंवार रंगविला, त्यात प्रत्येक महिन्याची शोभा सांगायची ती प्रियकराने परदेशी जाऊ नये म्हणून. अशा चित्रातील चैत्र कोणत्या वर्षीचा, हा प्रश्नच संभवत नाही. तो संकेतांनी सिद्ध झालेला, सर्वकाळचा चैत्र आहे. ही त्या चित्रांची उणीव नव्हे. तेच त्यांचे सामर्थ्य आहे.

हॉकनीचा वसंत मात्र तारखेचा आहे. १९३७ मध्ये यॉर्कशायरमधील ब्रॅडफर्ड येथे जन्मलेला हा चित्रकार अनेक वर्षे लॉस एंजेलिसमध्ये राहिला. कॅलिफोर्नियातल्या त्या एकसुरी उन्हातून ब्रिडलिंग्टन या आपल्या प्रांतातील समुद्रकाठच्या गावी परतल्यावर ऋतुबदल ही गोष्ट त्याला नव्याने दिसली असावी. गावाजवळच वोल्डगेट नावाचा एक जुना रोमन रस्ता आहे. दुतर्फा झाडे आणि हॉथॉर्नची कुंपणे. प्रवाशाने मुद्दाम थांबावे असे तेथे काही नाही. या रस्त्यावर २०११ च्या जानेवारीपासून वसंत सरेपर्यंत त्याने आयपॅडवर जी चित्रे काढली, त्यांतून ५१ निवडली. प्रत्येकाच्या नावात दिवस आणि महिना आहे. त्यांच्या जोडीला ३२ कॅनव्हास जुळवून केलेले, सुमारे ३२ फूट रुंदीचे एक तैलचित्र आले आणि ही बावन्न अंगांची कृती २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडली गेली.

येथे मोनेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु साम्य वरवरचे आहे. मोनेच्या चित्रांत गवताची गंजी तीच राहते, बदलतो तो प्रकाश. वोल्डगेटवर वस्तूच बदलते. उघड्या फांद्या, मग कुंपणाच्या पायथ्याशी हिरवी कुजबूज, मग पाने आणि अखेर हॉथॉर्नचा पांढरा फुलोरा. फुललेल्या झाडापेक्षा ‘अजून काही झाले नाही’ असे वाटायला लावणारी फेब्रुवारीतील चित्रे अधिक बोलकी आहेत. आगमन हा शब्द ती खरा करतात. येथे प्रेमिक नाहीत, विरहिणी नाही. रस्ता बहुधा रिकामाच. वसंत कोणाच्या भावाला चेतविण्यासाठी आलेला नसून पाहणाऱ्याच्या भावाचा विषयच झाला आहे. उद्दीपनाचे आलंबन झाले आहे.

साधनाविषयी बराच गवगवा झाला. काचेवर बोटाने काढलेली चित्रे पाहून काहींनी नाके मुरडली आणि ते सर्वस्वी अकारण नव्हते. मागून उजळलेल्या पडद्यावरचा रंग कागदावर छापताना त्यातील आतला उजेड हरपतो, व मोठ्या आकारात काही रेषा पोकळ वाटतात. परंतु रंग वाळण्याची वाट न पाहता पहाटेचा क्षण टिपता येणे, ही सोय या विषयाला अत्यंत जवळची होती.

तरीही या तिहींतील श्रेष्ठ मालिका रंगाचीच नव्हे. २०१३ मध्ये हॉकनीने त्याच वोल्डगेटवरील पाच जागा निवडल्या आणि प्रत्येक जागेची पाच अवस्थांतील चित्रे, अशी एकूण २५, कोळशाने काढली. वसंतातून रंग काढून घेतल्यावर काय उरते? उरते ते फांद्यांमधील अंतर. ते हळूहळू भरत जाते, सावली दाट होते, रस्त्याचे वळण पानांआड दिसेनासे होते. संकेताला येथे आधारच नाही. हिरवा रंग हाच वसंताचा सर्वांत स्वस्त संकेत. तोच नाकारला आहे.

२०२० ची नॉर्मंडीतील मालिका मात्र उतरती आहे. महामारीच्या टाळेबंदीत घराभोवतीच्या बागेत काढलेली ही ११६ चित्रे त्या काळात अनेकांना दिलासा देऊन गेली. वसंताला कोणी रद्द करू शकत नाही, हा तिच्याबरोबर पसरलेला भाव लोकांना हवाच होता. परंतु दिलासा देणारा वसंत पुन्हा उद्दीपनच होतो. शिवाय येथे पावसाचे ठिपके, पानांचे पुंजके, गवताचे फटकारे हे ठशांसारखे पुन्हा पुन्हा येतात. ज्या चित्रकाराने वसंताला जुन्या संकेतांतून सोडवले, त्याच्याच हाताने नवे संकेत घडावेत, हे नवल आहे. नॉर्मंडीतीलच ‘बायो’ येथील मध्ययुगीन भरतकामाच्या पटावरून सुचलेली, सुमारे ९० मीटर लांबीची एक चित्रपट्टी त्याने पुढे या चित्रांतून जोडली. ती २०२१ मध्ये पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयात लागली. तिच्यापुढे एका जागी उभे राहून भागत नाही; प्रेक्षकाला चालावे लागते आणि ठसे तेच असले तरी ऋतू पावलागणिक पुढे सरकतो.