मुक्या सोबत्याचे दंतधावन

‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच’ ही म्हण आम्ही शिक्षकमंडळी वर्गातील हूड मुलांना उद्देशून पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आलो आहोत. तिच्यात मुलावर अन्याय होतो तसाच कुत्र्यावरही होतो. जो प्राणी धन्याची पावले फाटकापासूनच ओळखतो आणि ताटाचा आवाज होताच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसतो, तो शिकत नाही असे कोण म्हणेल? तो शिकतो, आपण त्याला कसे शिकवितो, हाच खरा प्रश्न आहे.

कुत्र्याचे दात घासावयाचे, हे ऐकून काही वाचक स्मित करतील. आमच्या लहानपणी वाड्यातील कुत्र्याचे दात कोणी घासले नाहीत, असेही म्हणतील. ते खरे आहे. पण म्हणून त्या कुत्र्याचे दात दुखत नव्हते असे नव्हे. मुक्या जीवाची तक्रार कोणाच्या कानी आली नाही, एवढेच.

कुत्र्याच्या पिलाला दुधाचे २८ दात असतात आणि सुमारे सात महिन्यांचे होईपर्यंत त्यांची जागा ४२ कायमचे दात घेतात. आपल्याप्रमाणेच त्याच्याही दातांवर जंतूंचा चिकट थर साचतो. लाळेतील क्षारांमुळे दोन-तीन दिवसांतच हा थर कठीण होऊ लागतो व त्याचे पिवळट-तपकिरी कीटण बनते. ते मग ब्रशाने निघत नाही. हिरड्या लाल होतात, सुजतात, दातांपासून सुटतात आणि पुढे दाताला धरून ठेवणारे हाडही झिजते. तोंडाला उग्र दर्प येणे, एकाच बाजूने चावणे, घास तोंडातून पडणे, लाळ गळणे, पंजाने तोंड घासणे ही त्याची लक्षणे होत. परंतु वेदना लपविणे हा प्राण्यांचा स्वभावच असल्यामुळे पुष्कळदा शेवटपर्यंत जेवण सुटत नाही आणि घरच्यांना काही कळत नाही. साचलेले कीटण काढण्यासाठी पशुवैद्यांना भूल द्यावी लागते. म्हणून ते साचूच न देणे शहाणपणाचे.

मात्र ब्रश विकत आणण्यापूर्वी एकदा पशुवैद्यांकडून तोंड तपासून घ्यावे. हिरडी आधीच दुखरी असेल, तर पहिल्याच दिवशी ब्रश आणि वेदना यांची सांगड त्याच्या मनात कायमची बसेल. पिलाचे दात पडत असतानाही हात हलकाच ठेवावा.

रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांना १९०४ साली पचनक्रियेवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पण जगाला त्यांची आठवण आहे ती कुत्र्यांवरील प्रयोगांमुळे. एखादी खूण झाल्यावर नेमाने अन्न मिळत गेले, की पुढे नुसत्या त्या खुणेनेच कुत्र्याच्या तोंडास लाळ सुटते, असे त्यांनी दाखविले. आपल्याला हेच सूत्र वापरावयाचे आहे : ब्रश ही आवडत्या गोष्टीची चाहूल ठरली पाहिजे.

पहिले काही दिवस ब्रश दाखवूच नये. संध्याकाळी फेरफटका झाला, कुत्रा निवांत झाला, की त्याच्या शेजारी बसून गालावरून हात फिरवावा, शाबासकी द्यावी, आवडीचा तुकडा द्यावा. ते अंगवळणी पडल्यावर ओठ क्षणभर वर उचलून सोडावा. मग त्याच्यासाठीच बनविलेली पेस्ट बोटावर चाटावयास द्यावी. पुढे बोटास स्वच्छ मऊ फडके गुंडाळून एक-दोन दातांवरून फिरवावे, आणि या साऱ्यानंतर लहान मुलांचा मऊ ब्रश हाती घ्यावा. प्रत्येक पायरीस चार-आठ दिवस लागले तरी चालतील. त्याने मान फिरविली, वरचेवर ओठ चाटले, अंग ताठ केले, तर तेथेच थांबून दुसऱ्या दिवशी एक पायरी मागे यावे. गुरगुरला तर रागावू नये. तो इशारा देत आहे. तोंड दाबून धरून एक दिवस दात घासता येतील, पण दुसऱ्या दिवशी तो पलंगाखाली दडेल. हे काम घरातील जाणत्या माणसानेच करावे, लहान मुलांवर सोपवू नये.

प्रत्यक्ष घासताना जबडा उघडण्याची गरज नसते. ओठ उचलून, ब्रश किंचित तिरपा धरून, हिरडी व दात यांच्या सांध्यावरून हलकेच फिरवावा. गालाकडची बाजू महत्त्वाची. त्यातही वरच्या दाढांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण लाळ तेथे पाझरते व कीटण तेथेच अधिक धरते. प्रत्येक बाजूस अर्धा मिनिट पुरे. पण नेम रोजचा हवा.

आपली टूथपेस्ट मात्र त्याला कदापि देऊ नये. कुत्र्याला चूळ भरता येत नाही. तो सारे गिळतो. काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. त्याने कुत्र्याच्या रक्तातील साखर एकाएकी घसरते, यकृतास इजा होते व प्राणही जाऊ शकतो. मीठ, राखुंडी, लवंगेचे तेलही नको, आणि मिशरी तर विषच. हाडे चघळली की दात आपोआप साफ होतात, या समजुतीपायी अनेक कुत्र्यांच्या दाढा तुटतात. मांजराला ३० दात असतात. रीत तीच, फक्त ब्रश अधिक लहान, वेळ अधिक थोडा आणि धीर दुप्पट.

या नेमाचा लाभ दातांपुरताच नाही. जो कुत्रा विश्वासाने तोंडाला हात लावू देतो, त्याच्या टाळूत अडकलेला काटा काढता येतो, हलणारा दात वेळीच दिसतो, आजारपणात औषधाची गोळी झटापटीवाचून देता येते. म्हातारपणी त्याची दृष्टी मंदावते, पाय थकतात. त्या काळात आपला हात हाच त्याचा आधार असतो. त्या हाताचे भय त्याला वाटू नये, याची तयारी तो तरुण असतानाच करावयाची असते. तेव्हा आज संध्याकाळी केवळ गालावरून हात फिरवावा. पहिल्या दिवसाचा धडा तेवढाच पुरे.