पट्टीवरची दुसरी रेघ

ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत रक्ताचा थेंब एका छोट्या पट्टीवर टाकतात. 'सी'पुढे रेघ उमटतेच. 'टी'पुढेही उमटली, की अहवालावर 'एचसीव्ही रिॲक्टिव्ह' (एचसीव्ही म्हणजे हिपॅटायटिस सीचा विषाणू) असं येतं आणि घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं.

पण ही पट्टी विषाणू शोधतच नाही. ती शोधते शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं, आणि चोर पळाल्यावरही दारात पोलीस बसून राहावा तशी ती वर्षानुवर्षं रक्तात राहतात. लागण झालेल्यांपैकी साधारण १५ ते ४५ टक्के लोकांचं शरीर औषधाविनाच विषाणूला हुसकावून लावतं. खरा निकाल लागतो तो विषाणूचा आरएनए शोधणाऱ्या पीसीआर तपासणीत. उलटंही घडतं: लागण ताजी असेल, तर प्रतिपिंडं दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात. तोवर पट्टी निगेटिव्ह, विषाणू मात्र हजर!

हा विषाणू ओळखला गेला १९८९मध्ये. त्याआधी डॉक्टर या हिपॅटायटिसला नुसतं 'ए नाही, बी नाही' म्हणत. मग रक्तपेढी तपासणार काय? आपल्याकडे तर रक्तपेढ्यांत ही तपासणी सक्तीची व्हायला नवं शतक उजाडावं लागलं. त्यापूर्वी ज्यांना रक्त चढवलंय, त्यांनी एकदा तपासून घ्यावंच.

लस नाही, पण साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. २०१८पासून राष्ट्रीय कार्यक्रमाच्या सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषधं मोफत आहेत. बरं झाल्यावरही पट्टी बहुधा रिॲक्टिव्हच येईल, तेव्हा आरएनएचा अहवाल जपून ठेवा.