नोझलमधला थेंब

चऱ्होलीतल्या मेडिकलमधून दोन मिलिलिटरची सिरिंज आणली, सुई चढवली आणि वाटीतलं कुंकवाचं पाणी ओढून घेतलं. दट्ट्या पार शेवटपर्यंत दाबला. सिरिंज रिकामी झाली असं वाटलं. पण उजेडात धरल्यावर नोझलमध्ये आणि सुईच्या प्लास्टिकच्या बुडात लाल पाणी तसंच दिसत होतं. दट्ट्याचं रबर नळीच्या तळाला टेकतं, पुढच्या चिंचोळ्या वाटेत ते शिरतच नाही. या जागेला डेड स्पेस म्हणतात. सुई वेगळी बसवायच्या साध्या सिरिंजमध्ये इथे साधारण 0.07 मिलिलिटर औषध अडकतं आणि सुईसोबत कचऱ्यात जातं.

रोग्याला त्याचा डोस पूर्ण मिळतो, कारण नळीवरच्या खुणा ही जागा सोडूनच मोजतात. तुटवडा येतो तो कुपीला. दोन मिलिलिटरच्या इंजेक्शनात हे कुणाच्या लक्षातही येत नाही. कुत्रं चावल्यावरच्या लशीत मात्र हाच थेंब फार मोठा ठरतो.

रेबीजची लस स्नायूत दिली तर दर खेपेला एक अख्खी कुपी लागते. कातडीत दिली तर दोन्ही दंडांवर 0.1 मिलिलिटर, म्हणजे खेपेला 0.2 मिलिलिटर पुरतं. भारतात या पद्धतीला 2006 साली परवानगी मिळाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रेबीवॅक्स-एस 1 मिलिलिटरच्या कुपीत येते. आता हिशोब करा. 0.2 मिलिलिटर टोचायला साध्या सिरिंजने कुपीतून 0.27 मिलिलिटर ओढावं लागतं. तीन माणसांत कुपी संपते आणि चौथ्यासाठी नवी फोडावी लागते. सुई नळीतच पक्की बसवलेली इन्सुलिनची सिरिंज घेतली, तर त्याच कुपीत पाच जणांचं भागतं. म्हणून कातडीतल्या लशीसाठी हीच सिरिंज वापरायला सांगतात. सिस्टरच्या हातात ती कोणती आहे, हेही महत्त्वाचं आहे: लाल टोपीच्या, 40 युनिटच्या सिरिंजवर 0.1 मिलिलिटर म्हणजे 4 युनिट, तर नारिंगी टोपीच्या 100 युनिटच्या सिरिंजवर 10. खुणांची गल्लत झाली की डोस चुकला.

हा थेंब कुणाच्या हलगर्जीपणाने वाया जात नाही, तो साच्यातच ठरतो. चाकण-भोसरीच्या टूलरूममध्ये काम केलेल्यांना हे चटकन कळेल. कोणत्याही कंपनीची सुई बसावी म्हणून नोझलला शंभराला सहा असा उतार दिलेला असतो. त्या सोयीपायी ही पोकळी राहते. त्यावर दोन उपाय निघाले. एक, सुई नळीतच कायमची बसवायची. दुसरा, दट्ट्याच्या टोकाला बारीक खुंटी काढायची. ती नोझलमध्ये शिरून औषध पुढे ढकलते आणि सुईही बदलता येते.

कोविडच्या वर्षी हे सगळ्या जगाने पाहिलं. जानेवारी 2021 मध्ये युरोपच्या औषध नियामकाने फायझरच्या कुपीत पाचऐवजी सहा डोस धरले, पण त्यासाठी कमी डेड स्पेसची सिरिंज लागत होती. जपानकडे तशा सिरिंजा पुरेशा नव्हत्या, आणि फेब्रुवारीत तिथल्या सरकारला सहावा डोस वाया जाणार असल्याचं सांगावं लागलं. आपल्याकडे कोविशिल्डची 5 मिलिलिटरची कुपी दहा जणांची होती. दर टोचणीला 0.07 गेलं असतं, तर दहा डोसांमागे 0.7 मिलिलिटर, म्हणजे एका डोसाहून जास्त लस गेली असती. पण लसीकरणात 0.5 मिलिलिटरची, पक्क्या सुईची, एकदा वापरली की दट्ट्या अडकणारी एडी सिरिंज होती. कुपीत थोडी लस जादाही भरलेली असते. मे 2021 मध्ये केरळने सांगितलं, की आलेल्या 73,38,806 डोसांतून 74,26,164 डोस दिले गेले. यात तिथल्या नर्सबाईंचं कसब मोठं, आणि त्या कसबाला साथ देणारी सिरिंजही तितकीच मोलाची.

एक धोका सांगायलाच हवा. उरलेला थेंब वाया जाऊ नये म्हणून सिरिंजमध्ये नंतर सलाईन ओढून तो आत ढकलू नये. ते मापाबाहेरचं औषध असतं, आणि तान्ह्या बाळाच्या इवल्याशा डोसात ते घातक ठरू शकतं. थेंब वाचवायचा तो सिरिंज निवडताना.

तेव्हा पालिकेचा दवाखाना असो, गावातलं आरोग्य केंद्र असो की छोटं खासगी रुग्णालय, सिरिंजची मागणी लिहिणाऱ्यांना एकच विनंती आहे. लहान डोसांच्या औषधांसाठी नुसतं ‘1 मिलिलिटर’ लिहून थांबू नका, पुढे ‘पक्क्या सुईची’ एवढंही लिहा.