वाचलं, ऐकलं, पाहिलं

मैत्रिणींनो, सासूबाईंच्या मोतीबिंदूमुळे आमच्या घरात वाचनाचा असा काही सपाटा सुरू होईल, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. शस्त्रक्रिया हल्ली किती सोपी झाली आहे! सकाळी गेलो आणि दुपारच्या वरणभाताला घरी परत. पण नंतरची पथ्यं मात्र आहेतच. डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही, खाली वाकायचं नाही, गॅसपाशी उभं राहायचं नाही आणि दिवसातून चार वेळा थेंब. आईंना वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचायची सवय. दोन दिवसांत त्या कंटाळून गेल्या. टीव्ही लावून दिला, तर तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “अगं, या मालिका डोळे मिटूनसुद्धा कळतात. ढँण्ण वाजलं की समजायचं, दारात कुणीतरी उभं आहे.” टीव्हीबद्दल मलाही याहून जास्त काही सांगायचं नाही.

माझी शाळा सकाळची, तीही अर्धवेळ. बारा-साडेबाराला मी घरी येते. जेवणं उरकली की तासभर वाचून दाखवायचं ठरलं आणि कपाटातून हाताला लागलं ते लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. बी.ए.ला मी ते परीक्षेपुरतं वाचलं होतं. लेखिकेच्या विनोदबुद्धीवर एक टीप लिहायची आणि पुस्तक मिटायचं. तुमच्यापैकी अनेकींनी असंच वाचलं असेल. पण मोठ्यानं वाचायला लागल्यावर कळलं, हे पुस्तक डोळ्यांसाठी नाहीच, कानांसाठी आहे. १९३४ पासून चार भागांत ते प्रसिद्ध झालं, तेव्हा लक्ष्मीबाई पासष्टीच्या पुढे होत्या. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई. वाक्यं लहान लहान, समोर बसून सांगितल्यासारखी. स्वतःची फजिती सांगताना तर तिला कोण आनंद!

दोन दिवसांत आणखी एक श्रोता मिळाला. आमच्या भांड्यांच्या मावशी दीड वाजता येतात. पहिल्या दिवशी त्यांच्या भांड्यांच्या आवाजात मला वाचता येईना, म्हणून जरा थांबले. दुसऱ्या दिवशी आवाजच थांबला. पाहते तर मावशी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसून ऐकताहेत. तिसऱ्या दिवशी आल्या आल्या म्हणाल्या, “वहिनी, त्या बाईचं पुढं काय झालं?”

पुढं पुष्कळ झालं. अकराव्या वर्षी लग्न. नवरा कवी, रागीट, प्रेमळ आणि हातातला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा. १८९५ साली तो ख्रिस्ती झाला आणि ही बाई लहानग्या मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आधारानं राहिली. “मग लोकांनी तिला काय काय बोलून घेतलं असंल,” असं मावशी म्हणाल्या आणि बराच वेळ गप्प बसल्या. रसग्रहण म्हणतात ते हेच असावं. आम्ही शाळेत त्याला पाच गुण ठेवतो.

सगळ्यात जास्त हसलो ते लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्यावर. १८५७ च्या बंडानंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या धक्क्यानं त्यांच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं जे वेड शिरलं, ते अखेरपर्यंत गेलं नाही. घरात येणारी प्रत्येक चीज धुतली जायची, मीठसुद्धा! “मीठ धुवायचं? मग खाली राहायचं काय गं?” म्हणत आई इतक्या हसल्या की मला त्यांच्या डोळ्याची काळजी वाटली. मावशीही पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसता हसता त्यांनी चहा संपवला, आपला कप विसळला आणि मोरीवरच्या खिडकीत नेऊन ठेवला.

त्या कपाबद्दल सांगायला हवं. कान तुटलेला, निळ्या फुलांचा, मावशींचा वेगळा कप. मी या घरात आले त्याआधीपासून तो खिडकीत आहे. आमचे कप मांडणीवर, तो खिडकीत. मावशींची जात आम्ही कधी विचारली नाही, आणि तसं न विचारणं हा आपला मोठेपणा आहे असंच मी धरून चालले होते. न विचारताही कप मात्र वेगळाच. हे आईंचं, जुन्या वळणाचं, म्हणून मी त्याकडे काणाडोळा करत आले. पण चहा तर बारा वर्षं मीच ओतते आहे, नाही का?

पुस्तकात पुढे एक जागा येते. लक्ष्मीबाई नवऱ्याजवळ राहायला येतात, पण आपलं अन्नपाणी वेगळं ठेवतात, शिवाशिव सांभाळतात. आणि मग एक दिवस त्यांच्या मनात येतं, की या जाती देवानं केल्या की माणसांनी? कुणी उपदेश केला म्हणून नाही. आपणच आपल्याशी विचार करत त्या तिथवर येतात आणि यापुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवतात. त्यांचा बाप्तिस्मा व्हायचा होता तेव्हाची ही गोष्ट. तो १९०० साली झाला. हे मी वाचत होते आणि मावशी उंबऱ्यावर त्या कपातून चहा पीत होत्या. माझा आवाज जरा अडखळला. आई म्हणाल्या, “पाणी पी थोडं.” मी पाणी प्यायले. त्या दिवशी पुढचं पान नीट वाचता आलं नाही.

संध्याकाळी आईंना गाणं लागतं. किशोरीताई आमोणकरांवर त्यांची फार भक्ती. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवात त्यांनी किशोरीताईंना ऐकलंय आणि तंबोरे जुळायला लागलेला वेळही त्या गाण्याइतक्याच कौतुकानं सांगतात. मोगूबाई कुर्डीकरांची ही मुलगी. मोगूबाई म्हणजे अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. ‘गीत गाया पत्थरों ने’ या १९६४ च्या चित्रपटासाठी लेकीनं गायलं, तेव्हा चित्रपटात गाणार असशील तर माझ्या तंबोऱ्यांना हात लावू नकोस, अशी तंबी त्यांनी दिली होती. आईंना ही गोष्ट फार आवडते. मला जरा कडक वाटते. पण ते गाणं ऐकताना, या बाई त्यातच रमल्या असत्या तर आपण केवढ्याला मुकलो असतो, हेही कळतं.

तर त्या संध्याकाळी आईंनी किशोरीताईंनी गायलेला सोयराबाईचा अभंग लावायला सांगितला. तुम्ही तो नक्की ऐकला असेल, आषाढीला तो कुठे ना कुठे लागतोच. अवघं एकच होऊन जातं, पाहणारा आणि ज्याला पाहायचं तो असे दोन उरतच नाहीत, असा त्याचा भाव. किशोरीताई शब्दाची घाई करत नाहीत. एकच शब्द पुन्हा पुन्हा वेगळ्या सुरात न्हाऊन येतो आणि ऐकणारी आपण कुठे आहोत हे विसरते. मी मात्र त्या दिवशी विसरू शकले नाही. सोयराबाई ही चोखामेळ्याची बायको, चौदाव्या शतकातली, महार जातीची. जिच्या अभंगात देव नि भक्त यांच्यात अंतरच राहत नाही, तिला त्या देवळात पाऊल टाकता येत नव्हतं. चोखोबांची समाधीसुद्धा महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर. आणि पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हायला १९४७ साल उजाडलं, तेही साने गुरुजींनी उपोषण केलं तेव्हा. मी हे आईंना बोलून दाखवलं. त्या एवढंच म्हणाल्या, “गाणं लागलं असताना बोलू नये.” खरं आहे ते.

डोळा बरा झाल्यावर आईंनी पाहिलेला पहिला चित्रपट ‘फँड्री’. निवड आमच्या नववीतल्या चिरंजीवांची. नागराज मंजुळे यांचा हा पहिला मोठा चित्रपट, २०१३ चा. मी तो इतकी वर्षं टाळला होता. रविवारी दुपारी कशाला डोक्याला ताप, हे त्याचं खरं कारण. पण सुरुवातीला किती हसलो आम्ही! जब्या नावाचा शाळकरी मुलगा, वर्गातल्या शालूवर जीव जडलेला. ती आपल्याला मिळावी म्हणून काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ फिरणारा. सोमनाथ अवघडे या मुलानं ते काम इतकं सहज केलंय की राष्ट्रीय पुरस्कार मिळाला यात नवल नाही. घरची माणसं कैकाडी. गावात मोकाट फिरणारी डुकरं पकडायचं काम त्यांच्याकडे. किशोर कदमांनी केलेला बाप पाहताना तर हा कवी आहे, हे आठवायलाही वेळ मिळत नाही.

त्यात एक वर्ग दाखवलाय. मास्तर चोखोबांचा अभंग शिकवताहेत आणि जब्या ऐकतोय. मैत्रिणींनो, तिथे माझ्या पोटात कालवलं. हाच चोखोबा मीही शिकवते. ‘संतांनी भेदाभेद मानला नाही’ हे वाक्य फळ्यावर लिहिते, खाली रेघ मारते. माझ्या वर्गातही असा कुणी बसलेला असेल का, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला पडला नव्हता. शेवटी सगळी शाळा बघत असताना त्या घरच्यांना डुक्कर धरावं लागतं, राष्ट्रगीत सुरू झाल्यावर ती माणसं असतील तिथं ताठ उभी राहतात आणि हाताशी आलेलं डुक्कर निसटतं. पकडलेलं डुक्कर बांधून नेताना मागे शाळेची भिंत आणि भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई. संवाद काही नाहीच. अगदी शेवटी जब्या दगड भिरकावतो तो सरळ आपल्या दिशेनं. आमचे हे म्हणाले, “चांगला आहे, पण फार जड.” आई काही न बोलता थेंब घालून घ्यायला आत गेल्या.

सोमवारी मावशी यायच्या आधी मी तो कप खिडकीतून काढला आणि माळ्यावर टाकला. चहा मांडणीवरच्या कपात ओतला. हात थरथरत होता म्हटलं तर तुम्ही हसाल, पण होता खरा. मावशींनी आधी खिडकीकडे पाहिलं.

“वहिनी, माझा कप फुटला का?”

आणि मी चटकन “हो” म्हणून मोकळी झाले! एवढं सगळं वाचून, ऐकून, पाहून तोंडातून काय आलं, तर थाप.

आतून आईंचा आवाज आला, “फुटला नाही गं. काढला आम्ही.”

मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आतल्या खोलीकडे. मग म्हणाल्या, “बरं केलं. धरायला यायचाच नाही नीट.” चहा प्यायल्या, कप विसळला आणि सवयीनं खिडकीत ठेवून दिला. दुसऱ्या दिवशीही तेच. मी तो उचलून मांडणीवर ठेवते, त्या खिडकीत ठेवतात. गेल्या आठवड्यात दोनदा तो मांडणीवर सापडला, बाकी दिवस खिडकीत.

‘स्मृतिचित्रे’ आता संपत आलंय. पुढे काय, असं विचारल्यावर मावशी म्हणाल्या, “बाईमाणसाचंच वाचा काहीतरी.” म्हणून वाचनालयातून बेबीताई कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’ आणलंय. आधी ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं आणि १९८६ साली पुस्तक झालं. दुकान सांभाळत, घरच्यांपासून वह्या लपवून या बाईंनी महारवाड्यातल्या बायकांचं जगणं लिहून ठेवलं. काल रात्री मी पहिली काही पानं चाळली. मनात वाचणं वेगळं. आई खाटेवर, मावशी उंबऱ्यावर, आणि मधे बसून हे मोठ्यानं वाचायचं आहे. पुस्तक टेबलावर ठेवलंय, शुक्रवारपासून सुरू करणार आहोत. आईंनी आजच विचारलं, “केवढं आहे गं? दुसऱ्या डोळ्याच्या आधी होईल ना?”